आजोबांच्या ट्रकवरची तीन पानं

पहिले सात महिने मी त्या खुणेला फुलं समजत होते.

फोटो पोस्टकार्डाएवढा आहे. साताऱ्याकडच्या आमच्या आजोळी, मामांच्या माळ्यावरच्या ट्रंकेत, पेन्शनीच्या कागदांखाली तो सापडला. माझ्या आईचे वडील, अण्णा, सैन्यात ड्रायव्हर होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक. कुठल्या पलटणीत, कुठल्या गावी, कुणाबरोबर, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. फोटोत ते एका मोठ्या ट्रकच्या बाजूला उभे आहेत, डावा कोपर बॉनेटवर टेकवून. मागे काही नाही, नुसता धुरळा. पाठीवर तारीख नाही, गाव नाही. मात्र ट्रकच्या पुढच्या एका मडगार्डवर गडद चौकोनात तीन फिकट फुलं आहेत. दुसऱ्या मडगार्डवर आणखी एक चौकोन, त्यात आकडा. पुढे एक गोल चकती. बॉनेटच्या कडेला एक इंग्रजी अक्षर, मग काही आकडे, आणि मग आजोबांचा कोपर.

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते, इस्पितळाच्या औषध विभागात नोकरी करते. लष्कराशी माझा संबंध एवढ्या एका फोटोपुरता. पण ट्रकवर कुणीतरी हाताने काही रंगवलंय आणि ते मला वाचता येत नाही, ही गोष्ट मला झोपू देईना. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचता न येणं मला कधी चालत नाही, त्यातलंच हे.

म्हणून एका रविवारी मी जुन्या लष्करी वस्तूंच्या बाजारात गेले. गावातल्या सभागृहात साठ-सत्तर टेबलं मांडलेली. शिरस्त्राणं, पट्टे, नकाशे, पाण्याच्या बाटल्या, आणि डबेच्या डबे भरून कापडी बिल्ले. मी फोटोची प्रत दाखवून विचारत फिरले, की ही फुलं कुठल्या रेजिमेंटची. एक जण म्हणाला, रेजिमेंट नव्हे, फॉर्मेशन साइन. दुसरा म्हणाला, बाहीवरचा बिल्ला हवाय की गाडीवरची खूण? दोन्हींत फरक असतो हेच मला माहीत नव्हतं. तिसऱ्याने आकड्याच्या चौकोनावर बोट ठेवून विचारलं, हा रंग कोणता? फोटो काळापांढरा आहे हो, मी म्हटलं. तो म्हणाला, मग अवघड आहे.

शेवटच्या टेबलावर एक पत्रा होता. वीतभर लांबरुंद, कडा गंजलेल्या, लाल चौकोनात शेपटी उभारलेली काळी मांजर. विक्रेता म्हणाला, ही १७वी इंडियन डिव्हिजन, ब्रह्मदेशातली, लॉरीच्या मडगार्डावरून कापलेली. इंडियन हा शब्द ऐकला आणि मी ४० पौंड मोजून दिले. घरी येईपर्यंत तो पत्रा मांडीवर धरून बसले होते.

त्याच संध्याकाळी मी तो स्वच्छ करायला घेतला. चिखल वाळून बसलेला होता. आधी ओलं फडकं फिरवलं, मग रंगकामाचं पातळ द्रव्य घेतलं. दोन हातांत फडकं लाल झालं. तिसऱ्यात मांजरीची शेपटी गेली. मी थांबले तोवर अर्धं चित्र फडक्यावर होतं आणि पत्र्यावर खाली नुसता हिरवट तपकिरी रंग. एखाद्या सैनिकाने कुठेतरी रंगवलेली वस्तू ऐंशी वर्षं टिकली आणि ती मी माझ्या स्वयंपाकघरात पुसून टाकली, असं वाटून मला रडू आलं.

बाजारात ज्या गृहस्थांनी फोटो सर्वांत जास्त वेळ पाहिला होता, त्यांनी मला पत्ता दिला होता. सैन्यातून निवृत्त झालेले, रॉयल इंजिनिअर्समधले. पत्रा कागदात गुंडाळून मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी तो उलटा केला आणि मागची बाजू पाहिली. मग कडा पाहिल्या. मग फडकं मागितलं.

“तुम्ही काही घालवलेलं नाही,” ते म्हणाले. “ऐंशी वर्षांचा तेलरंग दगडासारखा होतो, असा सहज सुटत नाही. हे चित्र फार तर दोन-चार वर्षांचं.”

दुसरी गोष्ट त्यांनी पुस्तक उघडून दाखवली. १७व्या इंडियन डिव्हिजनची मांजर काळीच, पण पिवळ्यावर. लाल चौकोनातली काळी मांजर ५६व्या लंडन डिव्हिजनची, लंडनचा मेयर झालेल्या डिक व्हिटिंग्टनच्या गोष्टीतली. म्हणजे माझ्या हातात होती ती खोटी, आणि ज्या डिव्हिजनची म्हणून दिली तिची तर नव्हतीच. त्या दिवसापासून मी काहीच पुसत नाही, आणि पत्र्याची मागची बाजू आधी बघते.

त्यांनी मला रंगांचे थर वाचायला शिकवलं, आणि सगळ्या शिक्षणातलं हेच मला सर्वांत मोलाचं वाटतं. ब्रिटिश गाड्यांचा मूळ रंग युद्धात बदलत गेला. १९४२च्या सुमाराला गाड्या तपकिरी होत्या, १९४४पासून ऑलिव्ह हिरव्या, आणि युद्धानंतर गडद काशाच्या हिरव्या. टवका उडालेल्या जागी भिंगातून पाहिलं तर हे थर झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे एकाखाली एक दिसतात. युद्धकाळातली खूण युद्धोत्तर हिरव्याच्या वर बसलेली असेल, तर ती नंतर कुणीतरी काढलेली. खाली असेल, आणि वरच्या हिरव्यातून तिची कड फुगलेली जाणवत असेल, तर आशा धरायला जागा आहे. मात्र जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून घासायचं नाही, खरवडायचं नाही. नुसतं बघायचं.

मग खुणा. इथे माझा गोंधळ महिनोन्‌महिने टिकला, कारण मला एक चिन्ह म्हणजे एक अर्थ हवा होता, आणि तसं नसतं. एका गाडीवर पाच-सहा वेगळ्या खुणा असतात आणि प्रत्येक खूण वेगळ्या माणसासाठी असते. डिव्हिजनचं चित्र सांगतं, ही गाडी कुठल्या मोठ्या घराण्यातली. ते चित्र असतं, नाव नसतं, कारण नाव शत्रूलाही वाचता येतं. ही पद्धत पहिल्या महायुद्धातली. मग दुसरा चौकोन: रंग सांगतो काम काय, आकडा सांगतो त्या घरातलं कोण. तोफखान्याचा वर लाल खाली निळा. सिग्नलचा वर पांढरा खाली निळा. गाड्या दुरुस्त करणाऱ्यांचे निळा, पिवळा, लाल असे आडवे पट्टे. पायदळाच्या डिव्हिजनमध्ये तीन ब्रिगेडना लाल, हिरवा, तपकिरी असे रंग, आणि पलटणींना ५५, ५६, ५७, मग ६०, ६१, ६२, मग ६७, ६८, ६९. मधले आकडे कुठे गेले म्हणून मी एक आख्खा आठवडा हैराण होते. ते इतरांना दिलेले होते.

आणि आकडा एकटा काहीच सांगत नाही. लाल चौकोनात ५१ म्हणजे रणगाडा ब्रिगेडमधली पहिली रेजिमेंट. गार्ड्स आर्मर्ड डिव्हिजनच्या उघड्या डोळ्याशेजारी ५१ असेल तर ते ग्रेनेडियर गार्ड्सची दुसरी बटालियन. तोच ५१, तोच लाल, पण शेजारी पिवळ्यावर काळा बैल असेल, तर ती ११वी आर्मर्ड आणि रेजिमेंट सर्वस्वी दुसरी. सापडलेला नुसता आकड्याचा पत्रा म्हणजे पाकिटाविना पत्र. म्हणूनच मडगार्ड कापून खुणा विकतात त्याचा मला राग येतो. चित्र एकाकडे जातं, आकडा दुसऱ्याकडे, गाडी भंगारात, आणि तिघांपैकी कुणालाच पुढे बोलता येत नाही.

रणगाड्यांवर आणखी आकृत्या: त्रिकोण म्हणजे ए स्क्वाड्रन, चौकोन म्हणजे बी, वर्तुळ म्हणजे सी, उभा शंकरपाळा म्हणजे मुख्यालय. त्यांचा रंग ज्येष्ठतेवरून, पहिल्या रेजिमेंटला लाल, दुसरीला पिवळा, तिसरीला निळा. बॉनेटवरचा पांढरा तारा दोस्त राष्ट्रांच्या विमानांसाठी, आपल्याच माणसांनी वरून बॉम्ब टाकू नयेत म्हणून. काही गाड्यांवर एक मळकट पट्टाही रंगवत. विषारी वायूचा थेंब पडला की तो रंग बदलायचा. सुदैवाने तसा वायू आलाच नाही.

पिवळी गोल चकती मात्र मला लगेच कळली आणि आवडली. तिच्यावरचा काळा आकडा म्हणजे गाडीच्या भाराचा वर्ग, साधारण टनांत. पुलाच्या तोंडाशी तसाच पिवळा गोल असायचा. पुलाचा आकडा गाडीच्या आकड्याइतका किंवा मोठा असेल तर जा, नसेल तर थांब. ड्रायव्हरला भाषा येवो न येवो, तोंडी हुकूम कानावर पडो न पडो, दोन आकडे त्याला रात्रीच्या अंधुक दिव्यातही कळायचे. इटलीत माघार घेणाऱ्या जर्मनांनी नद्यांवरचे पूल उडवले होते, आणि सिसिली-इटलीत मिळून सुट्या भागांतून जोडायचे तीन हजारांहून अधिक बेली पूल उभारले गेले. माझे आजोबा शाळेत चौथीपर्यंत शिकले होते. तो गोल त्यांच्यासाठी होता, असं मी धरते.

चित्रांत जीव गुंतायला वेळ लागत नाही. ७व्या आर्मर्ड डिव्हिजनचा वाळवंटातला लाल उंदीर, जर्बोआ, सगळ्यांना माहीत असतो. सेनापतींच्या पत्नीने कैरोच्या प्राणिसंग्रहालयात त्याचं रेखाटन केलं असं सांगतात. पण ४थ्या आर्मर्ड ब्रिगेडचाही जर्बोआ आहे, काळा. ४९वी डिव्हिजन आइसलंडमध्ये होती म्हणून तिचं पांढरं अस्वल. आधी त्या अस्वलाची मान खाली होती. नव्या सेनापतींना ते दीनवाणं वाटलं, आणि १९४३मध्ये मान वर करून ते नव्याने काढलं. एवढ्यावरून वस्तूचा काळ ठरवता येतो, आणि अशी गोष्ट सापडली की माझा दिवस चांगला जातो. ५१व्या हायलँड डिव्हिजनने आपली एच डी ही अक्षरं रस्तोरस्ती इतकी रंगवली, की त्यांना हायवे डेकोरेटर्स म्हणू लागले. पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या ८१व्या डिव्हिजनचा कोळी म्हणजे तिथल्या लोककथांतला अनान्सी, आपल्या कोल्ह्यासारखा चतुर. आणि जनरल स्लिम यांच्या १४व्या आर्मीच्या ढालीवर तलवार खाली रोखलेली आहे, कारण ब्रह्मदेश परत घ्यायचा तर उत्तरेकडून खाली उतरायचं होतं.

माझी फुलं त्याच पुस्तकात होती. लाल चौकोन, तीन पिवळी चौपानी क्लोव्हर: ८वी इंडियन डिव्हिजन. क्लोव्हर हा शब्द ऐकताच माझ्या कानात पत्त्यांतलं किलवर वाजलं. आणि पानं पाहून आठवली आजोळच्या विहिरीकडेची आंबुशी, जी आम्ही मीठ लावून खायचो. आजोबांना ती पानं पहिल्यांदा पाहून काय वाटलं असेल? त्यांच्या डोळ्यांसमोरही आंबुशीच आली असेल का?

एवढं कळल्यावर नकाशा उघडला. ८वी इंडियन डिव्हिजन सप्टेंबर १९४३मध्ये इटलीत उतरली. नोव्हेंबरात सांग्रो नदी. मे १९४४मध्ये कॅसिनो गावाखालची गारी नदी. ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदी. याच दिवशी १/५ मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना नदीच्या अलीकडे आणलं आणि परत जाऊन एकामागून एक मशीनगन ठाणी बंद पाडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही पलटणही याच तीन पानांखाली होती. मामांना फोन करून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे अण्णा तिथं होते?” मी म्हटलं, “मामा, डिव्हिजन तिथं होती. अण्णा कुठल्या कामावर होते ते अजून ठाऊक नाही.” हा फरक त्यांना सांगताना मला जड गेलं, पण सांगायला हवाच होता.

काम सांगणार होता दुसरा चौकोन, आणि तो गप्प होता. फोटोत तो एकसारखा करडा दिसत होता. मी त्याला पायदळाचा धरून चालले होते, हिरवा किंवा तपकिरी. मग कळलं की काळापांढरा फोटोही रंगांची उलटापालट करतो. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नाही. लाल तिथे काळा होतो, निळा फिका पडतो. लाल चौकोनातली काळी मांजर अशा फोटोत जवळजवळ नाहीशी होते. पँक्रोमॅटिक फिल्मला सगळे रंग दिसतात, पण लाल आणि हिरवा बरेचदा एकाच करड्या छटेत मिसळतात.

त्याच निवृत्त गृहस्थांनी मला सांगितलं, की चौकोनात रंग शोधू नका, कड शोधा. ब्रश जिथे थांबतो तिथे रंगाची वळी उरते. मी मूळ फोटो मामांकडून मागवून घेतला. प्रतीवर हे काम होत नाही. टेबलावरचा दिवा बाजूला, अगदी खाली धरला, दहापट भिंग लावलं. तीन संध्याकाळी काही नाही. चौथ्या संध्याकाळी आकड्याच्या मागून, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाणारी, केसाएवढी एक तिरकी रेघ दिसली.

तिरक्या रेघेने दुभागलेला चौकोन, एकीकडे लाल, दुसरीकडे हिरवा. आर्मी सर्व्हिस कोअर. रसदवाले. आमच्या बाबतीत रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर. पीठ, डाळ, दारूगोळा, पेट्रोल, पाणी वाहून नेणारे, रात्री दिवे झाकून गाडी हाकणारे. नदीपलीकडे मराठा पलटण लढत असेल तेव्हा तिच्या पोटापाण्याची गाडी मागे धुरळ्यात उभी असणार, आणि त्यातली एक आजोबांची असू शकते. मी भिंग खाली ठेवलं आणि मामांना फोन लावला. तिकडे रात्रीचा एक वाजला होता. त्यांनी पहिल्या घंटीलाच उचलला.

ट्रकही हळूहळू ओळखीचा झाला. काच वरच्या कडेने पुढे झुकलेली आहे, विमानातून तिची चमक दिसू नये म्हणून. म्हणजे कॅनडात फोर्ड आणि शेव्हरोलेने बांधलेल्या लष्करी नमुन्याच्या गाड्यांपैकी ही. कॅनडात बांधलेला ट्रक, ब्रिटिश खुणा, साताऱ्याकडचा ड्रायव्हर, इटलीचा रस्ता.

डॉर्सेटमधलं बोव्हिंग्टनचं रणगाडा संग्रहालय पाहिलं. मागच्या सुट्टीत अहमदनगरचं, आताच्या अहिल्यानगरचं, १९९४मधलं संग्रहालयही पाहिलं. तिथे मटिल्डा आणि व्हॅलेंटाइन आवारात हारीने उभे आहेत. दोन्हीकडे मी गाड्यांपेक्षा मडगार्डं आणि कोपरे बघत फिरले. जतन केलेल्या गाडीला पुन्हा रंग द्यावाच लागतो, नाहीतर पत्रा गंजून जातो. म्हणून आज आपल्याला दिसतात त्या बहुतेक खुणा नंतरच्या हातांनी काढलेल्या असतात. प्रामाणिकपणे काढलेल्या असतील तर मला त्यांचं काही वाटत नाही. खुणेची निवड कशावरून केली ते शेजारी लिहावं, एवढीच अपेक्षा.

माझा संग्रह लहान आहे. ८व्या डिव्हिजनचा एक कापडी बिल्ला, बाहीवरून उसवलेला, मागे जुना दोरा लोंबणारा. युद्धकाळातले तेवीस फोटो, गाडीवरची खूण दिसते म्हणून घेतलेले. हॉवर्ड कोल यांचं युद्धातल्या बिल्ल्यांवरचं पुस्तक, ज्याची पानं सुटत आली आहेत. आणि एक वही, तिच्यात मी प्रत्येक खूण हाताने काढते, रंग भरते, आणि तो रंग मला कशावरून कळला ते खाली लिहिते. अर्धी पुसलेली मांजरही ठेवली आहे, फडक्यासकट. कापलेला पत्रा मी पुन्हा घेतला नाही, घेणारही नाही.

उरला बॉनेटच्या कडेचा क्रमांक. त्यातलं अक्षर एल आहे. मोटरसायकलला सी, रणगाड्याला टी, ॲम्ब्युलन्सला ए, छोट्या ट्रकला झेड, आणि एक टनापेक्षा मोठ्या लॉरीला एल. ही खूण ना डिव्हिजनची, ना कंपनीची. ती त्या एका गाडीची, जन्मभराची. बाकी सगळं पुसून नवं रंगवलं जायचं, तो क्रमांक राहायचा. पूर्ण क्रमांक मिळाला तर हीच लॉरी दुसऱ्या एखाद्या फोटोत, दुसऱ्या एखाद्या रस्त्यावर ओळखता येईल. एलनंतर चार आकडे स्वच्छ वाचता येतात. पाचव्याची वरची कमान दिसते, तो दोन असेल, तीन असेल, आठ किंवा नऊही असेल.

मी भिंग घेऊन अजून बसते. मामांनी विचारलं, “कंप्युटरवर तो हात बाजूला नाही का करता येत?” मी म्हटलं, “नाही मामा, हाताखाली काही छापलेलंच नाही.” शर्टाची बाही दुमडलेली आहे, कोपरावर धूळ आहे, आणि त्यामागे दोन आकडे आहेत.